नफीसा आपा आणि फार्सचा मांडलिक

नफीसा आपांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात किसन शिपायाशी मराठीत वाद घालत होत्या, आणि हरत होत्या. वाद 'राज्य' या शब्दावरून होता. राजा तो, राणी ती, हे त्यांना मान्य होतं. पण राज्य 'ते' कशावरून, हे त्यांना कुणीतरी पटवून द्यायला हवं होतं. किसन पाण्याची कळशी खाली न ठेवता सांगत होता, "आपा, ते तसंच ऱ्हातंय. त्याला काय कारण नाय." आपांनी त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं, काखेतली वही काढली, तिच्यात उर्दूत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "कारण नाही, हे पण लिहून ठेवते."

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी फुलंब्रीची. चौथीनंतरचं माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, कारण निजामाच्या राज्यात दुसरी सोयच नव्हती. आता औरंगाबादच्या या मुलींच्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग सुरू झाले होते आणि मराठी शिकवायला मला नेमलं होतं. जुन्या शिक्षिकांना हुकूम आला होता की ठरावीक मुदतीत मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर जागा सोडा. शिक्षिकांच्या खोलीत त्या दिवसांत फार कमी बोललं जाई. कुणाचं अर्धं घर कराचीला गेलेलं, कुणाच्या घरातलं माणूस अजून परत आलेलं नाही. मी आत गेले की चाललेलं बोलणं थांबायचं. मी मुकाट्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डबा उघडायची.

तिसऱ्या दिवशी आपांनी आपला डबा उचलून माझ्या डब्याशेजारी आणून ठेवला. तुम्हाला दोन्ही भाषा येतात असं कळलं, त्या उर्दूत म्हणाल्या. आता रोज मधल्या सुट्टीत मी तुम्हाला मराठीतून गोष्ट सांगणार. चूक झाली की तिथंच थांबवायचं. अदब म्हणून सोडून द्यायचं नाही.

मी विचारलं, कुठली गोष्ट.

"एका छोट्या राजाची," त्या मराठीत म्हणाल्या. "दुसरी मला येतच नाही."

आपा तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. उंच, किडकिडीत, खांद्यात किंचित वाकलेल्या. टांग्यातून उतरल्या की बुरखा काढून खुंटीला लावायच्या आणि पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन थेट वर्गात. मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. खडूचे तुकडे पुरचुंडीत बांधून घरी न्यायच्या. शहागंजातल्या त्यांच्या घराची मागची भिंत इराणच्या नकाशांनी भरलेली होती, हे मला पुढं कळलं. फारसी आणि इतिहास हे त्यांचे विषय. त्यांचं लग्न झालं होतं का, मोडलं होतं का, याबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

गोष्ट अशी होती. सतराशे वर्षांपूर्वी इराणात पार्थियन लोकांचं मोठं साम्राज्य होतं. चारशेहून जास्त वर्षं चाललेलं. रोमशी लढून लढून ते थकलं होतं, आणि त्यात गादीवर दोन सख्खे भाऊ एकाच वेळी हक्क सांगत होते. दक्षिणेला डोंगरांत फार्स नावाचा प्रांत. तिथं इस्तखर नावाच्या गावात एक मांडलिक राजा राहायचा. आपल्या नावाचं लहानसं चांदीचं नाणं पाडायचा, वर सम्राटाला नजराणा पाठवायचा आणि आपला डोंगर सांभाळायचा. मग त्याच्याच मुलखातलं एक घराणं उठलं. तिथल्या अग्निमंदिराची देखभाल करणारं घराणं. त्यांनी राजाला मारलं, प्रांत घेतला, आणि काही वर्षांत सगळं साम्राज्यच घेतलं. पुढचा इतिहास त्यांचा झाला. ज्याला मारून हे सगळं सुरू झालं, त्या छोट्या राजाबद्दल जुन्या बखरकारांनी जेमतेम दोन-तीन ओळी लिहिल्या.

या दोन-तीन ओळींच्या मागं आपा वीस वर्षं होत्या. त्यांच्या वडिलांकडं तर्जुम्याचं काम होतं, सरकारी कागद फारसीतून इंग्रजीत करायचं. त्यांच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, जुन्या इराणी नाण्यांच्या चित्रांचं. त्यातल्या एका पानावरच्या ओळीत शेवटचं नाणं होतं ते आपांच्या राजाचं, असं आपांनी ठरवलं होतं. कुरळी दाढी, मोत्यांच्या कडेची टोपी, सरळ नाक. मागच्या बाजूला अग्नीच्या वेदीसमोर उभा राहिलेला. ते पुस्तक त्या मला शाळेत आणून दाखवायच्या आणि म्हणायच्या, बघा, हा माणूस घाबरलेला दिसत नाही.

मधल्या सुट्टीत गोष्ट चालू झाली. "साम्राज्य थकली होती," आपा म्हणत. मी म्हणे, थकलं होतं. त्या मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एकदा त्यांनी मला विचारलं की तुम्ही बाजगुजारला काय म्हणता. मी म्हणाले, मांडलिक. तो शब्द त्यांनी तीन-चारदा उच्चारून पाहिला. बाजगुजार म्हणजे नुसता वर पैसे पोचवणारा, त्यात माणूस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मांडलिकात मात्र मंडळ आहे, तो कुणाच्या तरी भोवती बसलेला आहे. त्या दिवशी त्या फार खूश होत्या. दुसऱ्या शिक्षिकांना बोलावून त्यांनी तो शब्द म्हणायला लावला. तेव्हापासून त्या खोलीतलं बोलणं माझ्या येण्यानं थांबेनासं झालं.

परीक्षेच्या तोंडी भागात कुठल्याही विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. बहुतेक जणी आपलं गाव, आपली गाय असं पाठ करून गेल्या. आपा छोट्या राजावर बोलल्या, आणि परीक्षकांनी थांबवलं नाही म्हणून अर्धा तास बोलल्या. शेवटी परीक्षकांनीच विचारलं की मग सम्राटानं मदत पाठवली का. आपा म्हणाल्या, "माहीत नाही." परीक्षकांना वाटलं, आपांचं मराठी संपलं. आपांनी समजावलं की मराठी आहे, माहिती नाही. त्या पास झाल्या, पहिल्या खेपेला.

'माहीत नाही' हे शब्द त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवले. वर्गात एखादी मुलगी थापा मारायला लागली की आपा बोलायच्या नाहीत, फक्त चष्मा काढून हातात धरायच्या. चष्मा निघाला की मुलगी खाली बसायची. परीक्षेत जिनं थाप न मारता सरळ 'माहीत नाही' लिहिलं, तिला त्या अर्धा मार्क देत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यावर चिडायच्या. आपा म्हणायच्या, ती खरं बोलली, त्याचं काहीतरी द्यायला नको का.

एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आपा, दोघं भाऊ भांडत होते, मग त्यानं नजराणा कोणाला पाठिवला?" ही मुलगी आमच्याच तालुक्यातली, शेतकऱ्याची. तिच्या घरात वाटणीचा दावा चालू होता, त्यामुळं प्रश्न तिला आपसूक सुचला असावा. आपा जागच्या जागी थबकल्या. मग म्हणाल्या, "बेटा, हाच सवाल मी इतकी वर्षं विचारतेय. माहीत नाही." त्यांच्या वहीच्या शेवटी एक पान होतं, चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलींच्या नावांचं. त्या मुलीचं नाव त्यांनी तिच्यासमोर मराठीत लिहिलं. त्यांनी मराठीत लिहिलेलं ते पहिलं नाव.

पण दिवस असे होते की सतराशे वर्षांपूर्वीच्या राजाबद्दलही कुणी नुसतं ऐकून घेत नव्हतं. थकलेलं साम्राज्य, त्याच्या आधारानं राहिलेला मांडलिक, त्याचा शेवट, हे ऐकलं की औरंगाबादेत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच माणूस यायचा, निजाम.

एका साप्ताहिकाच्या संपादकांची मुलगी आमच्या शाळेत होती. संपादक मुक्तिलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, सज्जन गृहस्थ. मुलीकडून गोष्ट ऐकून त्यांनी आपांकडं लेख मागितला. आपांनी आयुष्यातला पहिला मराठी लेख लिहिला. मी शुद्धलेखन पाहिलं, पण वाक्यं त्यांचीच ठेवली. चार दिवसांनी संपादक स्वतः शाळेत आले. लेख त्यांना आवडला होता. फक्त शेवटी एक परिच्छेद जोडावा, असं त्यांचं म्हणणं होतं. बुडत्या सत्तेच्या भरवशावर जनतेला दाबणाऱ्या मांडलिकांची हीच गत होते, अशा अर्थाचा. वाचकाला बरोबर कळेल.

आपांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. मग म्हणाल्या, "तुम्ही जेलमध्ये होता. निजामावर लिहायचा तुमचा हक्क आहे, तुम्ही लिहा, मी वाचीन. पण माझ्या राजानं रयतेला दाबलं का सांभाळलं, हे मला माहीत नाही. मग मी कसं लिहू?"

संपादकांनी पुष्कळ समजावलं. लेख छापला गेला नाही.

ही गोष्ट गावात फिरली, आणि महिन्याभरानं दुसऱ्या बाजूचं बोलावणं आलं. एक म्हातारे जहागीरदार होते. जहागिरी गेलेली, हवेलीचा अर्धा भाग भाड्यानं दिलेला. त्यांना वाटलं की आपांनी हिंदू संपादकाला बाणेदार नकार दिला, म्हणजे ही आपली बाई. त्यांनी पडद्याचा टांगा पाठवला. आपा गेल्या त्या टांग्यानं आणि परत आल्या पायी, भर उन्हात. ओढणी घामानं भिजलेली होती. मी पाणी दिलं. हळूहळू त्यांनी सांगितलं. जहागीरदारांना याच राजावर उर्दूत पुस्तक हवं होतं. अखेरच्या श्वासापर्यंत वफादार राहिलेला, आपल्याच माणसांनी दगा दिलेला राजा. छपाईचं सगळं ते बघणार होते.

"ते बोलता बोलता रडले, शांताबाई," आपा म्हणाल्या. "मला फार वाईट वाटलं. पण तो वफादार होता की नव्हता, हे तरी मला कुठं माहीत आहे?"

यानंतर त्यांना दोन्हीकडून त्रास सुरू झाला. शहागंजात शेजारणी म्हणू लागल्या की नोकरीपायी फिरली. इकडं कुणीतरी खात्याकडं निनावी अर्ज केला की या बाई इतिहासाच्या तासाला जुन्या राजवटीची भलामण करतात. तपासणीला एक साहेब आले. मागच्या बाकावर तीन तास बसले, मुलींच्या वह्या मागवून घेतल्या. वह्यांत नकाशे होते, सनावळ्या होत्या, आणि जागोजाग 'माहीत नाही' लिहिलेलं होतं. साहेबांनी शेरा दिला की सदर शिक्षिका विद्यार्थिनींना अपुरी माहिती देतात. आपांनी तो शेरा वाचून सही केली आणि म्हणाल्या, हे बरोबर आहे.

त्यांचा भाऊ कराचीला होता. त्याची पत्रं येत. तिकडं फारसी शिकवणाऱ्यांना मान आहे, तू तिथं एकटी काय करतेस, या अर्थाची. आपांचं उत्तर पोस्टकार्डावर जायचं आणि त्यात दर वेळी एक वाक्य असायचं की सध्या मुलींचे इम्तिहान जवळ आलेत. ते जूनमध्येही असायचं. मी एकदा हसून म्हणाले की आपा, इम्तिहान तर मार्चमध्ये. त्या म्हणाल्या, "मग जवळच की."

सर्वांत मोठा प्रसंग नाण्याचा.

फारसीच्या वर्गातल्या मुली दर वर्षी कमी होत होत्या. शेवटी पाच उरल्या. खात्याकडून पत्र आलं की पुढच्या जूनपासून फारसी बंद करण्यात येईल. आपा एकेका कचेरीत गेल्या. बाकावर बसल्या, चिठ्ठ्या पाठवल्या, पुन्हा गेल्या. पाच मुलींसाठी वर्ग चालवता येत नाही, असं उत्तर सगळीकडून मिळालं. त्या पाचही जणींची नावं त्या अधिकाऱ्यांना सांगायच्या, आणि प्रत्येकीला काय काय येतं तेही सांगायच्या.

अशात शहागंजातल्या एका सराफाचा निरोप आला. जुन्या चांदीच्या ढिगात एक विचित्र नाणं सापडलंय, आपांनी बघून घ्यावं. मी बरोबर गेले. सराफानं लाल कपड्यावर ते ठेवलं. नखाएवढं नाणं. एका बाजूला कुरळी दाढी आणि मोत्यांची टोपी, दुसऱ्या बाजूला वेदीसमोर उभा माणूस. आपांनी ते तळहातावर घेतलं. सराफही भला माणूस. "आपा, घेऊन जाव. तुमारा काम होने के बाद लाके देव," म्हणाला.

आठ दिवसांत गावभर झालं. त्याच संपादकांनी मागचं मनात न ठेवता पहिल्या पानावर बातमी दिली, की इराणच्या प्राचीन राजाचं नाणं औरंगाबादेत. मोठ्या बाईंनी ही संधी ओळखली. त्यांनी सत्कार ठरवला आणि खात्याच्या वरच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. अधिकाऱ्यांनी तसं सुचवलंच होतं की जिथं असं संशोधन होतंय तिथं फारसीचा विचार वेगळ्या रीतीनं करता येईल. मोठ्या बाई अशा कामात हुशार होत्या, आणि खरं सांगायचं तर आपांवर त्यांचा जीव होता.

सत्काराच्या दिवशी सकाळी आपा ग्रंथालयात होत्या. मला बोलावलं. टेबलावर वडिलांचं पुस्तक उघडं, शेजारी नाणं, हातात भिंग. त्यांनी मला पुस्तकातलं चित्र पाहायला सांगितलं. राजाच्या नाकासमोर, नाण्याच्या कडेला, एक बारीकशी खाच होती. मग नाणं पाहायला सांगितलं. तिथंही नाकासमोर तीच खाच. टोपीच्या मोत्यांपैकी चित्रातला तिसरा झिजलेला होता, नाण्यावरचाही तिसराच.

मी म्हणाले, म्हणजे हे तेच नाणं असेल.

चित्रातलं नाणं परदेशातल्या संग्रहालयात आहे, खाली तसं लिहिलंय, आपा म्हणाल्या. दोन नाणी सारखी पडू शकतात, पण सारखी झिजत नाहीत. कुणीतरी त्या नाण्याचा साचा घेऊन हे ओतलंय.

मला त्या पाच मुली आठवल्या, कचेऱ्यांतले बाक आठवले. मी म्हणाले, "आपा, आजचा दिवस जाऊ द्या. ऑर्डर निघू द्या. मग सांगा." हे मी म्हणाले होते, आणि अजून मला त्याची लाज वाटते.

आपांनी चष्मा काढून हातात धरला.

"त्या पाच मुली पहिल्या रांगेत बसणार आहेत," त्या म्हणाल्या.

सभागृहात सतरंज्या टाकल्या होत्या. हार झाला, अधिकाऱ्यांचं भाषण झालं. मग आपा उठल्या आणि मराठीत बोलल्या. चार-पाच मिनिटंच. हे नाणं बनावट आहे. आठ दिवस मी ते खरं समजले, ती माझी चूक. मला ते खरं असावं असं वाटत होतं म्हणून मी नीट पाहिलं नाही. बनावट कसं ओळखायचं ते आता दाखवते. आणि त्यांनी पहिल्या रांगेतल्या पाचही जणींना वर बोलावलं, पुस्तक उघडलं, आणि एकेकीच्या हातात भिंग दिलं. तिसऱ्या मुलीला खाच दिसेना. आपांनी तिला दिसेपर्यंत सोडलं नाही. सगळी सभा बसून होती. अधिकारी दोनदा घड्याळ पाहून उठून गेले. पाचवी मुलगी खाली उतरल्यावर आपांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि बसल्या.

मोठ्या बाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. संपादकांनी मात्र बनावट नाण्याची बातमीही पहिल्याच पानावर छापली, आणि आपांचं सगळं बोलणं जसंच्या तसं दिलं. शब्द न बदलता. सराफाला नाणं परत करायला आम्ही गेलो तेव्हा तो ते वितळवायला निघाला होता. आपांनी त्याला थांबवलं. दुकानात ठेवा, म्हणाल्या, दुसरं कुणी असलं आणलं तर ताडून बघायला उपयोगी पडेल.

जूनमध्ये फारसी बंद झाली. नवं वेळापत्रक लागलं तेव्हा आपा त्याच्यासमोर उभ्या राहून ते दोनदा वाचून गेल्या. फारसीचे सगळे तास कोरे झाले होते आणि तिथं इतिहास, मराठी माध्यम, असं भरलेलं होतं. त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि पहिल्या तासाला गेल्या. त्या पाच मुलींना त्या शनिवारी शहागंजातल्या घरी बोलावू लागल्या. दोघींची लग्नं झाली, एक हैदराबादला गेली. उरलेल्या दोघींनी बाहेरून परीक्षा दिली आणि पास झाल्या. त्यांतली एक पुढं कॉलेजात फारसी शिकवू लागली.

आपांनी मराठीतून इतिहास शिकवत उरलेली सगळी नोकरी केली. निजामाचं राज्य विसरलेल्या, मग ते न पाहिलेल्याच मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. 'राज्य'ला त्या शेवटपर्यंत अधूनमधून 'ती' म्हणत. मुलींना ते आवडायचं.

निवृत्तीनंतर त्या खुलताबादला मावसबहिणीकडं राहायला गेल्या. तिथं त्यांनी पुस्तक पुरं केलं. मराठीत. आता कुणीही शेवट बदलून मागत नव्हतं. कुणाला त्यातून कुणी आठवतच नव्हतं. एका लहानशा छापखान्यानं ते घेतलं. छपाईचे खिळे जुळवणारा आपांचं अक्षर वाचू शकेना, म्हणून मी सगळं पुन्हा उतरवून दिलं, आणि प्रुफं घेऊन मीच खुलताबादला जाऊ-येऊ लागले. पुस्तक निघालं. त्यानंतर दोन वर्षांनी आपा गेल्या. मी पुस्तक निघताच मुलाकडं पुण्याला राहायला गेले होते, मला आठ दिवसांनी कळलं. त्यामुळं माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट ती प्रुफांचीच, थंडीतल्या एका दुपारची.

त्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या, उन्हाकडं पाठ करून. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी प्रुफं पुढं ठेवली. त्यांनी पानं चाळली आणि 'राजाचा चेहरा' हे प्रकरण बाजूला काढलं. पुस्तकातलं सर्वांत सुंदर प्रकरण. नाण्यावरच्या त्या चेहऱ्याबद्दल, दाढीच्या वळणाबद्दल, न घाबरलेल्या नजरेबद्दल त्यांनी त्यात लिहिलं होतं. मी ते उतरवताना दोनदा थांबले होते, इतकं ते चांगलं होतं.

आपांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या प्रकरणावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिरप्या रेघा मारल्या.

मुंबईत एक पारशी गृहस्थ होते, जुनी पहलवी लिपी वाचू शकणारे. आपांनी पोस्टकार्डावरून त्यांची ओळख करून घेतली होती आणि नाण्यावरची अक्षरं गिरवून त्यांना पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं होतं. ते नाव दुसऱ्याच राजाचं होतं, त्याच घराण्यातलं पण खूप आधीचं.

मी म्हणाले, "आपा, घराण्याचाच तर आहे. चेहऱ्यात काहीतरी आलं असेलच. एक ओळ जोडा आणि राहू द्या."

"हा पणजोबा असेल, खापरपणजोबा असेल," त्या म्हणाल्या. "पणजोबाचा चेहरा मी पणतूला लावू का? माझा राजा कसा दिसत होता, माहीत नाही. असंच छापा."

त्या प्रकरणाच्या जागी त्यांनी अर्ध्या पानाचा मजकूर दिला. पस्तीस वर्षं मी ज्याला आपला राजा समजत होते तो तो नव्हता, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते ऑपरेशनचं की कशाचं, मला सांगता येणार नाही. मी ते पान घडी करून पिशवीत ठेवलं.

मग त्यांनी खाटेखालून पाटी काढली. शेजारच्या पोरीची, कडेला लाकूड झिजलेलं. पारशी गृहस्थांनी पत्रासोबत पहलवीची अक्षरं लिहून पाठवली होती. अक्षरं तशी थोडीच, पण एकेक अक्षर दोन-दोन, तीन-तीन आवाजांचं काम करतं, त्यामुळं फसायला होतं, असं त्या मला सांगू लागल्या. आता दुसऱ्यानं वाचून सांगितलेलं चालणार नव्हतं. चित्रांच्या पुस्तकातली त्या पानावरची सगळी नाणी त्या पुन्हा पहिल्यापासून, स्वतः वाचणार होत्या. कुठंतरी त्यांचा राजा असलाच तर सापडेल.

माझ्या बसची वेळ झाली. मी पिशवी उचलली. त्या उठायला लागल्या तर मी बसवलं. मी फाटकापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. पाटी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्या एक वळणदार अक्षर काढत होत्या. काढलं, थोडं दूर धरून बघितलं, ओढणीच्या टोकानं पुसलं.

"शांताबाई," त्यांनी मान वर न करता हाक मारली. "होळीनंतर या. तोवर मला वाचता येईल."

आणि पुन्हा पेन्सिल पाटीवर टेकवली.